ओकच्या नक्षीदार आर्मुआरमध्ये चादरी ठेवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्रान्समधल्या रुआँजवळच्या जुन्या बाजारातून तुम्ही ओकचं नक्षीदार नॉर्मन आर्मुआर, म्हणजे नॉर्मंडी भागातलं उंच लाकडी कपाट, घेतलंत, उंची २ मीटर ३० सेंटिमीटर. त्यात सुती आणि लिननच्या चादरी, अभ्रे, टेबलक्लॉथ, सासूबाईंनी शिवलेल्या दोन गोधड्या आणि चार पैठण्या ठेवायच्या आहेत. तीन महिन्यांतच पांढऱ्या चादरीच्या घडीवर पिवळट-तपकिरी पट्टे उमटले. आत कुबट वास येतो. मागच्या फळ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत आणि उजवं दार खाली लोंबून घासतं. विकणाऱ्याने सांगितलं, आतून जवसाचं तेल पाजा. मैत्रीण म्हणाली, आतून घासून पांढरा रंग द्या.

दोन्ही करू नका. जवसाचं तेल आत नीट सुकत नाही, चिकट थर होऊन बसतं, पुढे काळवंडतं आणि कपड्यांना लागतं. शिवाय तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, हा धोका विकणारे क्वचितच सांगतात. (जवसाच्याच खोडातून लिननचा धागा निघतो आणि नॉर्मंडीत त्यासाठी आजही जवसाची मोठी शेती होते. पण बियांच्या तेलाचा त्या धाग्याला काही उपयोग नाही.) पांढरा रंग दिलात तर ओकमधलं टॅनिन (लाकडातलं तुरट, तपकिरी द्रव्य) पाण्यात मिसळायच्या रंगातून वर येतं आणि काही महिन्यांत रंगावरच पिवळे डाग पडतात. म्हणजे ज्या डागांपासून सुटायचं होतं तेच डाग भिंतीएवढे मोठे होतात.

तुमच्या चारपैकी तीन तक्रारींची मुळं दोनच आहेत: दमट हवा, आणि कापडाचा ओकशी थेट स्पर्श. वास आणि भोकं पहिल्याशी जोडलेली आहेत, पिवळे पट्टे दुसऱ्याशी. दाराचं दुखणं बहुधा जमिनीचं आहे, कपाटाचं नाही. कपाट वाचवणं आणि कापड वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि कापड वाचवण्यासाठी कपाटाच्या लाकडाला फारसं काही करावं लागत नाही. बाहेरच्या नक्षीला तर जवळजवळ काहीच नको.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. कपाट बाहेरच्या थंड भिंतीला टेकलंय की आतल्या, कीड अजून जिवंत आहे की शंभर वर्षांपूर्वी गेली, घरात मांजर आहे का, आणि मागच्या फळ्या मूळ आहेत की पाइनच्या नव्या बसवलेल्या. खाली जिथे उत्तर बदलतं तिथे ते तसं सांगेन.

हे कपाट मुळात कसं आहे ते समजलं की अर्धी कामं आपोआप सुटतात. नॉर्मंडीत १८व्या आणि १९व्या शतकात असं आर्मुआर लग्नाच्या निमित्ताने करवून घेत. म्हणून दारांच्या माथ्यावर चोच जुळवलेली कबुतरांची जोडी, फुलांची परडी, द्राक्षं, गव्हाच्या लोंब्या, कधी बाणांचा भाता अशी नक्षी असते. पण ते उभं राहायचं चादरींसाठी. मोठी धुलाई, तिकडचं ‘ग्रांद लेसिव्ह’, वर्षातून मोजक्याच वेळा व्हायची. लाकडाची राख, उकळतं पाणी, भलं मोठं लाकडी पिंप, असा दोन-तीन दिवसांचा सोहळा. दोन धुलायांच्या मधे घर चालायचं तर डझनावारी चादरी लागायच्या. म्हणून फळ्या एवढ्या खोल आणि दारं एवढी रुंद. जुन्या चादरींच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने आद्याक्षरं आणि आकडा काढलेला दिसतो. चादरी पाळीपाळीने वापरायला ती खूण कामी यायची आणि ताजी धुतलेली चादर गठ्ठ्याच्या तळाशी जायची. हा फिरवण्याचा नियम आजही चांगला आहे. रुआँजवळ मार्तांव्हिलच्या किल्ल्यात नॉर्मन लोकजीवनाचं संग्रहालय आहे. तिथली आर्मुआर एकदा आतून-बाहेरून बघून या, म्हणजे तुमच्या कपाटात काय बदललंय ते लगेच डोळ्यांत भरेल.

दुसरी गोष्ट, हे कपाट सुटं होणारं आहे. मुख्य सांगाडा सरसाने चिकटवलेला नाही. कुसू खोबणीत घालून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली असते. दारांमधली आणि बाजूंची पॅनेलं चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असतात, कारण हिवाळ्यात हीटर लागला की लाकूड आकसतं आणि पावसाळी हवेत फुगतं. नॉर्मंडीत हे दोन्ही जोरात होतं. पॅनेलच्या कडेला गडद लाकडाशेजारी एक फिकट, मेण न लागलेली बारीक रेघ दिसली तर घाबरू नका. पॅनेल आकसलं की ती दिसते आणि हवा बदलली की परत खाचेत जाते. कुणी त्या फटीत गोंद किंवा लाकूडभरणी घातली की पुढच्या हिवाळ्यात पॅनेल मधोमध फाटतं. जुन्या आर्मुआरमधल्या बहुतेक उभ्या भेगा अशाच ‘दुरुस्ती’तून आलेल्या असतात.

आता दार. इतर कशालाही हात लावायच्या आधी हे करा, आणि कपाट रिकामं असताना करा. स्पिरिट लेव्हल तळाच्या आडव्या पट्टीवर ठेवा, आधी डावी-उजवीकडे, मग पुढे-मागे. मग पुढच्या चौकटीचे दोन्ही कर्ण फितीने मोजा. दोन्ही सारखे नसतील तर चौकट तिरकी झाली आहे. जुन्या घरांच्या जमिनी सपाट नसतात. एक पाय अधांतरी राहिला की त्या बाजूचा खांब खाली बसतो आणि त्यावर टांगलेलं दार त्याच्याबरोबर उतरतं. नियम सोपा आहे: जे दार खाली आलंय त्याच बाजूच्या पुढच्या पायाखाली पाचर घाला. तुमच्याकडे उजव्या पायाखाली. कठीण लाकडाची किंवा प्लायवुडची १ मिलिमीटरची पट्टी घाला, दार लावून बघा, मग पुढची. बहुतेक वेळा ३ ते ५ मिलिमीटरमध्ये दोन्ही दारांच्या वरच्या कडा एका रेषेत येतात. कपाट एका दिवसाने आणखी थोडं बसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.

एवढं करूनही दार घासत असेल तर बिजागऱ्या झिजल्या आहेत. या कपाटांच्या उंच, सडपातळ बिजागऱ्या बहुधा दोन भागांच्या असतात आणि दार वर उचललं की खिळ्यावरून निघतं. दोन माणसं घ्या, दार पूर्ण उघडं ठेवा आणि सरळ वर उचला, तिरकं नको. खिळ्यावर १ मिलिमीटर जाडीची पितळी रिंग टाका, आणि एका दाराच्या सगळ्या बिजागऱ्यांत सारखीच. फक्त खालच्या बिजागरीत टाकली तर सगळा भार तिच्या एकटीवर येतो. अशा रिंगा दारांच्या बिजागऱ्यांसाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. दाराची कड रंधून कमी करायची मात्र नाही. उन्हाळ्यात रंधलेलं दार हिवाळ्यात सैल होतं आणि गेलेलं लाकूड परत येत नाही.

दार ओढताना किल्ली हीच मूठ आहे. कुलपाभोवतीच्या लांब, कोरीव पितळी पट्टीला धरून ओढू नका. ती पातळ पत्र्याची असते आणि बारीक खिळ्यांवर टिकलेली असते.

भोकांबद्दल. वाळवीची शंका मनातून काढून टाका, वाळवीचं काम असं दिसत नाही. टाचणीच्या डोक्याएवढी, दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं म्हणजे फर्निचरमधल्या छोट्या भुंगेऱ्याची. ओकमध्ये तो सालीलगतच्या फिकट लाकडात शिरतो. मधलं गडद लाकूड त्याला बहुधा जड जातं. म्हणून भोकं पायांच्या आतल्या कडांना, फळ्यांच्या कडांना आणि मागच्या स्वस्त लाकडाला जास्त असतात. भोकं ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असतील तर ती दुसऱ्या, मोठ्या भुंगेऱ्याची, जो दमट आणि आधीच कुजू लागलेल्या ओकमध्ये राहतो. तशी भोकं पायांत दिसली तर ओल कुठून येते ते आधी शोधा. अगदी मैद्यासारखी बारीक पूड सांडत असेल तर तो तिसराच कीटक, आणि तोही फिकट लाकडापुरताच.

भोकं असणं म्हणजे कीड जिवंत असणं नव्हे. भोक ही बाहेर पडण्याची वाट आहे, कीटक तिथून निघून गेलेला असतो. जिवंत असल्याची खूण म्हणजे ताजी, फिकट क्रीम रंगाची रवाळ पूड आणि कडा स्वच्छ असलेलं नवं भोक. जुन्या भोकाच्या कडा काळपट असतात आणि आत मेण-धूळ भरलेली असते. परीक्षा अशी करा: भोकं असलेल्या भागाची पूड व्हॅक्यूमने काढून टाका, त्या भागावर पातळ टिश्यू पेपर पाण्यात कालवलेल्या मैद्याच्या खळीने हलकासा चिकटवा आणि खाली जमिनीवर काळा कागद अंथरा. हे भुंगेरे साधारण मे ते ऑगस्टमध्ये बाहेर पडतात. सप्टेंबरमध्ये कागदाला नवं छिद्र नसेल आणि काळ्या कागदावर पूड नसेल तर कीड बहुधा संपली आहे, निदान यंदा औषध मारायची गरज नाही. पण अळ्या लाकडात काही वर्षं लपून राहू शकतात, म्हणून पुढच्या उन्हाळ्यातही ही परीक्षा करा. मग तो टिश्यू ओल्या फडक्याने काढून टाका, खळ मागे राहू देऊ नका.

कीड जिवंत निघाली तर बाजारातलं बहुतेक औषध परमेथ्रिनचं असतं. ते मांजरांना अत्यंत विषारी आहे, म्हणून मांजर घरात असेल तर हा पर्याय विसरा. मांजर नसलं तरी कपडे ठेवायच्या फळ्यांवर ते लावू नका. फक्त मागच्या फळ्यांची बाहेरची बाजू आणि पायांचा तळ, तोही दारं-खिडक्या उघड्या ठेवून, आणि वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे कित्येक आठवडे, कपाट रिकामं. मागच्या फळ्या पाइनच्या आणि नंतर बसवलेल्या असतील तर त्या बदलणं बहुतेक वेळा स्वस्त आणि शहाणपणाचं ठरतं. सगळं कपाटच पोखरलेलं असेल तर ऑक्सिजन काढून घेणारी किंवा आर्द्रता सांभाळून ५५ अंश सेल्सियसपर्यंत तापवणारी प्रक्रिया करणाऱ्यांकडे ते पाठवावं लागेल. ती महाग असते, पण लाकडात किंवा कपड्यांत काही मागे राहत नाही. कपाट साधं असेल तर तो खर्च मी सुचवणार नाही.

आता वास आणि आतली साफसफाई. सगळ्या फळ्या काढा, दारं आठवडाभर उघडी ठेवा. मग एफएफपी२ मास्क लावून मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमने आतून झाडून घ्या: फळ्यांच्या मागच्या कडा, खाचा, छताची आतली बाजू, पायांचे कोपरे. कॉर्निसच्या, म्हणजे कपाटाच्या माथ्यावरच्या पुढे आलेल्या पट्टीच्या, वरचा सपाट भाग विसरू नका. तिथे बोटभर धूळ असते आणि दार आपटलं की ती आत पडते.

मग एक लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा सौम्य, बिनवासाचा साबण. फडकं बुडवून इतकं पिळा की थेंब पडता कामा नये. लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुसा, लगेच दुसऱ्या साध्या पाण्याच्या फडक्याने, आणि लगेच तिसऱ्या कोरड्या सुती फडक्याने. एका वेळी एकच फळी किंवा एकच बाजू घ्या. नंतर दोन दिवस पंखा लावून दारं उघडी. पहिलं फडकं चहासारखं तपकिरी निघेल. ते टॅनिन आहे, घाण नव्हे. फडकं पूर्ण स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहाल तर लाकूड भिजेल आणि हाती काही लागणार नाही. दोन वेळा पुरे.

फ्रान्समध्ये प्रत्येक डागावर पांढरा व्हिनेगर हा सल्ला मिळतो. ओकच्या कपाटात नको. व्हिनेगर खिळ्यांच्या आणि बिजागऱ्यांच्या लोखंडाला लागला की त्यातून निघणारं लोखंड टॅनिनशी मिळून निळसर काळा डाग पाडतं. जुन्या काळी शाई नेमकी याच दोन वस्तूंपासून करत. तो डाग लाकडात खोल जातो आणि ओल्या चादरीवरही उमटतो. स्टील वूल आणि पाणी ही जोडीही त्याच कारणाने वर्ज्य. अमोनिया किंवा धुण्याचा सोडा ओकला काळसर करतो, तोही नको.

कुठे बुरशीचे पांढरे किंवा हिरवट ठिपके दिसले तर आधी व्हॅक्यूम, मग ७० टक्के अल्कोहोलने ओलं केलेलं फडकं फिरवा. हे फक्त आतल्या कच्च्या लाकडावर. बाहेर चपड्याचं पॉलिश असेल तर अल्कोहोलने ते विरघळतं.

वास परत येतो तो जागेमुळे. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलं असेल तर हिवाळ्यात त्याच्या पाठीमागे थंड, दमट हवा कोंडते. भिंतीपासून ५ ते ८ सेंटिमीटर पुढे ओढा. पाय टाइल्सवर असतील तर पायांखाली कॉर्कचे तुकडे द्या. कपाटाच्या आत साधा आर्द्रतामापक ठेवा, दहा-पंधरा युरोत मिळतो. ४५ ते ५५ टक्के चांगलं, ६५ च्या वर काही दिवस राहिलं तर बुरशीची तयारी, ३५ च्या खाली गेलं तर पॅनेलं आकसून बोलायला लागतात. रेडिएटरपासून निदान मीटरभर लांब. उरलेल्या वासासाठी सक्रिय कोळशाची पिशवी खालच्या फळीवर ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदला. सुगंधी फवारे वास झाकतात आणि कपड्यांत तेल सोडतात.

पिवळ्या पट्ट्यांवर जरा जास्त वेळ थांबावं लागेल, कारण मूळ प्रश्न हाच आहे. ओक हे आम्लधर्मी लाकूड आहे. त्यातून वर्षानुवर्षं अॅसेटिक आम्लाच्या वाफा निघत राहतात, दोनशे वर्षं जुन्या लाकडातूनही थोड्या निघतात. कापड थेट फळीवर असेल तर ती वाफ आणि टॅनिन दोन्ही, हवा दमट असताना, धाग्यात उतरतात. गठ्ठ्यातली सगळ्यात खालची चादर आणि पाठीला टेकलेली घडी यांवरच पट्टे दिसतात ते म्हणून. तुमची मधली चादर बघा, ती बहुधा स्वच्छ असेल. मधल्या चादरीवरही पट्टे असतील तर दुसरं कारण शोधा: कपडे धुताना नीट न निघालेला साबण, फॅब्रिक सॉफ्टनर किंवा खळ. हे तिन्ही साठवणीत पिवळे पडतात.

म्हणून फळी आणि कापड यांच्यामध्ये अडसर हवा. सगळ्यात चांगला अडसर पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मचा, जी संग्रहालयं मायलर किंवा मेलिनेक्स नावाने वापरतात. फळीच्या मापापेक्षा सगळीकडून ५ मिलिमीटर कमी कापा, चिकटवू नका, नुसती अंथरा. तिच्यावर दोनदा गरम पाण्यात धुतलेलं, खळ नसलेलं पांढरं सुती कापड, पुढे थोडं लोंबतं. कापड दर सहा महिन्यांनी धुवा. फिल्म नको असेल तर नुसतं जाड सुती कापडही चालतं, फक्त ते दर तीन महिन्यांनी धुवावं लागेल, कारण आता टॅनिन ते झेलणार. वर्तमानपत्र, तपकिरी कागद आणि दुकानाच्या रंगीत प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. पहिल्या दोन आम्लधर्मी, तिसरी हवा कोंडते आणि तिची शाई उतरते. शक्य असेल तर पाठीच्या फळीला एक उभं सुती कापड टाचणी न लावता, वरच्या फळीखाली दाबून लोंबवा.

आधीच पडलेल्या पट्ट्यांवर सोडियम परकार्बोनेट (डाग घालवणारी ऑक्सिजन ब्लीचची पांढरी पूड) चालतं, पण एक पायरी आधी हवी. डागाच्या आसपास नारिंगी-तपकिरी गंजाचे ठिपके आहेत का बघा. खिळ्यांच्या डोक्यांना लागून ते पडतात. लोखंड असलेल्या जागी परकार्बोनेट टाकलं तर ते तिथे फार जोराने काम करतं आणि धागा जळाल्यासारखं भोक पडतं. असे ठिपके असतील तर आधी एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक अॅसिड घालून तेवढा भाग अर्धा तास भिजवा, भरपूर खळबळा. मग ५ लिटर ५० अंशांच्या पाण्यात दोन मोठे चमचे सोडियम परकार्बोनेट, चार ते सहा तास भिजत, अधूनमधून हलवत. पट्टा गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दर वेळी प्रमाण वाढवण्यापेक्षा वेळ वाढवा. हे फक्त पांढऱ्या सुती आणि लिननसाठी. लाल दोऱ्याची जुनी आद्याक्षरं असतील तर आधी एका कोपऱ्यावर रंग जातो का ते बघा. रेशमी, लोकरी आणि रंगीत गोधडी यात कधीही नाही.

ठेवताना: दोनदा खळबळलेलं, पूर्ण वाळलेलं कापड. इस्त्री केल्यावर तासभर बाहेर, कारण गरम चादरीत वाफ असते. खळ घालून साठवू नका, कसर खळीवरच पोसते. साध्या, खळ नसलेल्या सुती-लिननला कसर फारशी त्रास देत नाही आणि लोकरीवर जगणारा पतंगही त्यावर अंडी घालत नाही. गठ्ठा २० ते २५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. पाठीपासून चार बोटं मोकळी जागा, वर दोन बोटं. आणि घडी वर्षातून दोनदा दुसऱ्या जागी मोडा. चादर एकाच रेषेवर वर्षानुवर्षं मोडली की तिथले धागे तुटतात. जुन्या फ्रेंच चादरी घडीच्या रेषेवरच विरतात ते याचमुळे. घडीच्या आत वर्तुळाकार गुंडाळलेलं सुती कापड ठेवलंत तर रेष तीव्र राहत नाही.

गोधड्या मोठ्या आणि जड असतात, त्या खालच्या फळीवर ठेवा, एकावर एक दोनच. सुती जुन्या साड्यांची गोधडी असेल तर वरचे नियम पुरतात. आत लोकर असेल तर पतंगाची काळजी घ्या: एकदा जाड प्लास्टिकमध्ये हवा काढून बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर गार कापडावर पाणी बसतं.

पैठण्या या कपाटात उघड्या ठेवू नका. जरीत तांबं किंवा चांदी असते, आणि ओकच्या आम्ल वाफा तांब्याला मानवत नाहीत. जर काळवंडते. आई-आजी पैठणी धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवायच्या, तेच बरोबर. मलमल, त्यावर आम्लरहित पुठ्ठ्याचं खोकं, आणि ते खोकं हवं तर आर्मुआरच्या वरच्या फळीवर. संग्रहालयी टिश्यू घ्याल तर रेशमासाठी ‘बफर’ (आम्ल शमवायला कागदात मिसळलेलं अल्कधर्मी द्रव्य) नसलेला मागा. बफर असलेला सुती आणि लिननसाठी बरा, रेशमाला नाही. पदराची जर बाहेरच्या बाजूला येईल अशी घडी घाला, घडीत मलमलीची गुंडाळी घाला, आणि वर्षातून दोनदा उघडून हवा द्या, उन्हात नाही.

डांबरगोळ्यांचा विषय निघेलच. युरोपीय संघात नॅफ्थलीनच्या गोळ्यांवर २००८ पासून बंदी आहे, आणि तुमच्याकडे भारतातून आणलेल्या असतील तर त्याही वापरू नका. त्यांच्या वाफा बंद खोलीत तुम्हीच श्वासात घेता. लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या वासासाठी छान, कीटक मारत नाहीत. त्या कापडाला टेकू नयेत म्हणून दाराच्या आतल्या बाजूला लटकवा, कारण सुकलेल्या फुलातलं तेल पिवळा डाग पाडतं. पैठणीच्या खोक्यात तर नकोच.

बाहेरची बाजू. घासणं, रंग काढणं, चकचकीत वार्निश, काहीही नको. दोनशे वर्षांच्या मेणाचा गडद, थोडा खोलगट चमकणारा थर हीच त्या लाकडाची किंमत आहे, आणि पॉलिश पेपरचा एक हात फिरला की ती गेली. कोरडा मऊ ब्रश, मग वर्षातून एकदा मधमाशीच्या मेणाची तयार पेस्ट. एका दाराला अक्रोडाएवढी पुरते. फडक्याने पातळ लावा, अर्धा तास थांबा, सपाट भाग सुती फडक्याने आणि कबुतरांच्या पंखांसारखी बारीक नक्षी बुटांच्या मऊ ब्रशने घासा. जास्त मेण खाचांत पांढरट साचतं. तिथे साचलंच असेल तर टर्पेंटाइनने ओलं केलेल्या कापसाच्या काडीने काढा. सिलिकॉनचे फर्निचर स्प्रे कधीच नको, नंतर कोणतंच मेण किंवा पॉलिश त्यावर धरत नाही. आतून मेण लावू नका. मेण चादरीला लागतं.

घर बदलायचं असेल तर एवढंच: छत कॉर्निसच्या उंचीपेक्षा निदान ५ सेंटिमीटर जास्त हवं, कारण कॉर्निस वरून उचलून बसवावी लागते. सुटं करण्याचा क्रम असा: फळ्या, दारं, कॉर्निस, मागच्या फळ्या, मग सांगाड्याच्या खुंट्या. खुंटीला एक जाड आणि एक बारीक टोक असतं. बारीक टोकाकडून लाकडी दांडीने ठोका, लोखंडी खिळ्याने नाही. प्रत्येक खुंटीवर आणि तिच्या भोकाजवळ पेन्सिलने एकाच आकड्याची खूण करा. जोडांजवळ छिन्नीने कोरलेले रोमन आकडे दिसले तर ते मूळ सुताराचे आहेत, त्यांच्याच क्रमाने जोडा. दारांच्या चौकटीतल्या पृष्ठभागाशी सपाट कापलेल्या खुंट्या मात्र कायमच्या आहेत, त्या काढू नका.

पुढे काय करायचं ते ठरवण्यासाठी मला तीन फोटो पाठवा: भोकांचा, एक युरोच्या नाण्याशेजारी ठेवून. पाठीच्या फळ्यांचा, तिरप्या उजेडात, म्हणजे करवतीच्या खुणा दिसतील. आणि पट्टे पडलेल्या चादरीचा, ती गठ्ठ्यात वरून कितवी होती ते लिहून. आर्द्रतामापक आणलात तर आठ दिवसांचे आकडेही.